आईच्या चौकटीतली काच

९ ऑक्टोबर, गुरुवार. कॉलेजातून पाचला घरी आले, चहा घेतला आणि आरसा साफ करायला काढला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मला राळेगावच्या निबंधक कार्यालयात सही करायची होती. हक्कसोडपत्रावर. आईच्या नावावरचं साडेपाच एकर शेत आणि गावातलं घर, यातला माझा अर्धा हिस्सा मी राजीखुशीनं भावाला सोडते, असा तो कागद. त्या बदल्यात मी मागितलेली एकुलती एक वस्तू समोर पलंगावर आडवी पडली होती. आरसा. आणि त्यात काहीच दिसत नव्हतं.

आई जूनमध्ये गेली. तेरवीला सगळं गणगोत जमलं होतं तेव्हा दादानं चारचौघांत विचारलं, "बाई, तुले काय पाह्यजे ते सांग." आमच्याकडे भावानं असं विचारायचं असतं, आणि बहिणीनं 'मले काही नोको, माह्यं माहेर राहू द्या' असं म्हणायचं असतं. पुढे सहीच्या दिवशी भाऊ बहिणीला साडी नेसवतो आणि विषय संपतो. मी त्यात थोडी भर घातली. म्हणाले, "आईचा आरसा दे. बाकी काही नको." एका काकूनं डोळ्याला पदर लावला. दुसरी म्हणाली, "पोरगी असावी तं अशी." मला ते ऐकून बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं.

आरसा आईच्या लग्नातला. अडीच फुटांची सागवानी चौकट, खालच्या पट्टीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं: मामाकडून सप्रेम भेट. भांड्यावर नाव घालतात तसं आमच्याकडे तेव्हा पलंगावर, पाटावर, जे देऊ त्यावर लिहीत. रविवारी दादा तो घेऊन आला. सोयाबीनच्या गाडीतून यवतमाळ, तिथून एसटीनं दारव्हा.

"मांडीवर धरून आणला बाप्पा," तो म्हणाला. "कंडक्टर म्हने, याचं अर्धं तिकीट काढा."

माझ्या नवऱ्यानं त्यावरची चादर काढली, चष्मा वर केला, खाली केला. "दादा, आरसा आणला का पाटी?"

"धुतला का निघते ते सगळं. आपल्याकडचं बोरिंगचं पानी तुमाले मालूम नाही का?"

जेवला, हात धुतले, "शुक्रवारी अकराले," असं दोनदा म्हणाला आणि गेला.

मी सव्वीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. काच धुणं हेच माझं काम. चंचुपात्रं, परीक्षानळ्या, मोजपात्रं. त्यामुळे आरसा मिळाल्या मिळाल्या ओल्या फडक्यानं घासायला बसले नाही. लोक तेच करतात. वरून पाण्याचा फवारा मारतात, पाणी ओघळून चौकटीत शिरतं, मागच्या रंगाखाली जातं आणि चांदीचा थर काळा पडतो. ते काळे डाग मग कशानं निघत नाहीत, कारण ते काचेवर नसतातच, मागून थर गेलेला असतो. गावाकडे आणखी एक खोड आहे. दिवाळीला पितळ घासायला घेतलं की त्याच राखेनं आणि रांगोळीनं आरसाही घासतात. चकचकीत होतो, आणि मग आयुष्यभर त्यात माणूस ओरखड्यांतून दिसतो.

मी आधी कोरड्या मऊ फडक्यानं धूळ काढली. मग डिस्टिल्ड वॉटर. ते कॉलेजातून बाटलीभर आणलं होतं, विचारून. ज्या पाण्यानं आरसा आंधळा केला त्याच पाण्यानं तो धुण्यात अर्थ नव्हता. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, फडकं घट्ट पिळून, मधून कडेकडे. चुलीचा तेलकट धूर निघाला. फडकं पिवळं झालं. खाली क्षारांचा पांढरा पापुद्रा तसाच. त्यावर सिरका आणि पाणी निम्मं निम्मं करून भिजवलेलं कापड दहा मिनिटं अंथरलं, कडा सोडून. काढलं, पुसलं, पुन्हा अंथरलं. तिसऱ्या वेळी मधोमध तळहाताएवढा तुकडा उघडला आणि त्यात वरचा पंखा दिसला.

उजव्या कडेला टिकल्यांचे डाग होते. मुगाएवढे गोल, एकावर एक, डिंकात मळ बसून काळे झालेले. रात्री निजताना बाया कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवतात, सकाळी पुन्हा लावतात, तसे. वडील गेले तरी आईनं टिकली सोडली नव्हती, रंग बदलला आणि आकार लहान केला, एवढंच. मला वाटलं, हे आईचं. अर्धं मिनिट हात थांबला. मग विचार केला, डाग म्हणून ठेवायचा तर पुसायला कशाला बसले? बोटभर खोबरेल तेल लावलं, पाच मिनिटांनी जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं खरवडलं. सगळे निघाले. शेवटी खडूची वस्त्रगाळ पूड ओल्या फडक्यावर घेऊन गोल गोल फिरवली आणि वर्तमानपत्राच्या बोळ्यानं कोरडं केलं.

आरसा स्वच्छ झाला होता. खाली एका कोपऱ्यात दोन काळे ठिपके राहिले, ते राहणारच. मी त्यावर नख ठेवलं, सवयीनं. प्रयोगशाळेत आरशाची जाडी अशीच बघतात. नखाचं टोक काचेला लावायचं, आतल्या नखाचं टोक किती लांब दिसतं ते बघायचं. जितकं अंतर जास्त, तितकी काच जाड.

इथे अंतर जवळजवळ नव्हतंच.

लहानपणी हा आमचा खेळ होता. आईच्या आरशाला बोट लावलं तरी आतलं बोट भिडायचं नाही, मध्ये चांगली तुरीच्या दाण्याएवढी फट राहायची. काच जुनी, जाड. दादा मला चिडवायचा, "आतली पोरगी तुह्याशी बोलत नाही. गर्विष्ठ हाये तुह्यासारखी." मी रडायचे आणि पुन्हा बोट लावायचे.

आता आतली बाई सरळ माझ्या बोटाला येऊन भिडली. बाजारात मिळते ती साधी, पातळ काच.

मी आरसा पालथा केला. मागची फळी जुनीच, पण खिळे नवे. चार कोपऱ्यांत चार, चकचकीत. आपण सव्वीस वर्षं काच धुतो म्हणून मिरवतो, आणि रविवारपासून घरात पडलेली काच कोणती ते गुरुवारी कळतं.

"काय झालं वं?" नवरा दारातून म्हणाला.

"ही आईची काच नाही. बदललेली आहे."

"म्हणजे एका आरशावर शेत सोडत होतीस, अन् आरसाबी डुप्लिकेट." तो हसला. मी हसले नाही, तेव्हा म्हणाला, "मग करू नको सही."

मी लगेच दादाला फोन लावला. आठ वाजायचे होते. वहिनींनी उचलला. मागे कुकरची शिटी झाली.

"वहिनी, आरशाची काच कोणी बदलली?"

"आज कायले आठवलं ते?"

"मी पुसून राह्यली आहे. आईची काच नाही ही."

"नाहीच. ते फुटली. तीन वर्सं झाली. आईनं पेला मारला."

आई चार वर्षं अंथरुणावर होती. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, डावा हात तेवढा चालायचा.

"आईनं?"

"डाव्या हातानं मारला, पितळेचा पेला. नेम तं पाहा त्याहिचा! अख्खी काच खाली आली. मंग यायनं, तुमच्या दादानं, राळेगावातून दुसरी बसवून आनली. आरसा तिथं पाह्यजेच व्हता त्याहिले."

"कोणावर राग होता?"

"तोंडानं सांगता येत असतं तं पेला कायले मारला असता?"

"मला कोणी सांगितलं नाही."

"आमाले वाटलं तुमाले दिसन." वहिनींचा आवाज चढला नव्हता. त्या भाजी निवडतानाही अशाच बोलतात. "सालातून दोनदा येत तुमी. आरशाले पाठ करून खुर्चीवर बसत. एकदा मलेच म्हनलं, 'वहिनी, भिंतीले वर जागा नाही भेटली का, आरसा काय कुत्र्याले पाह्यले लावला?'"

म्हणाले होते. मला आठवलं. आरसा खाटेच्या उंचीला, भिंतीवर अगदी खाली टांगलेला होता. मला ती त्यांची आळशी कामाची पद्धत वाटली होती.

"मग खाली का लावला होता?"

"मान वळत नव्हती न त्याहिची. तोंड भिंतीकडं, दार पाठीमागं. डॉक्टरनं त्याच अंगावर ठेवाले सांगितलं व्हतं. आरसा लावला तवा त्याहिले दार दिसू लागलं. कोन आलं, कोन गेलं. दिवसभर तेच पाह्यत. तुमी येतो म्हनून फोन केला का दोन दिवस आधीपासूनच डोळा लावून बसत." मग त्या म्हणाल्या, "कई येत तुमी, कई काम निघे तुमाले. असो."

मी हातातल्या कामाचं विचारलं. "त्यावर टिकल्यांचे डाग होते."

"माह्या असतीन. त्याहिच्या खाटेपाशी खाली अंथरून टाकून झोपो न मी. तिथंच काढो, तिथंच लावो. निघाल्या का? नाही निघाल्या तं खोबरेल लावा, लगेच निघते."

"निघाल्या."

"ताई," वहिनी म्हणाल्या आणि आता पहिल्यांदा त्यांचा आवाज बदलला, "काचेसाठी उद्याचं अडवू नोका. साडी घेऊन ठेवली हाये म्या, मोरपंखी. यायनं दोन रोजापासून दुसरी गोष्टच काढली नाही घरात."

"तुम्ही येता का उद्या राळेगावला?"

"मी? माह्यं काय काम तिथं?"

तेवढ्यात दादानं फोन घेतला. त्यानं सगळं ऐकलं असावं. "चौकट तं तेच हाये न, बाई. लिहेलं बी हाये खाली."

"मी आरसा मागितला होता, दादा."

"आता काचेवरून भांडशीन का तू? तुले दुसरी चांगली बसवून देतो, जाड्यातली जाडी."

मी ठेवला फोन.

आरसा उचलून भिंतीला टेकवला, वर्तमानपत्राचे बोळे गोळा केले, पलंग झाडला. राग आला होता आणि तो कोणावर काढावा हे ठरत नव्हतं, हे सर्वात वाईट. दादावर काढावा तर त्यानं फसवलेलं नव्हतं. त्याच्या लेखी आरसा म्हणजे आरसा. तीन वर्षांपूर्वी एक काच फुटली, दुसरी बसवली, विसरला. वहिनींवर काढायला तोंड नव्हतं. आईवर काढावा तर आई नव्हती. त्या चार वर्षांत मी आठ वेळा गेले असेन. औषधं दर महिन्याला पाठवली, डायपरचे खोके पाठवले, डॉक्टरशी फोनवर बोलले, आणि त्यालाच 'आईचं करणं' म्हणत आले. कॉलेजात कोणी विचारलं तर सांगायचे, आई अंथरुणावर आहे, फार ओढाताण होते हो. ओढाताण कोणाची होते ते सांगायचे नाही.

हक्क सोडणार होते तो तरी कशासाठी? काकूनं डोळ्याला पदर लावला म्हणून. भावानं माहेरी बोलवावं म्हणून. आई असताना ज्या माहेरी जाणं झालं नाही, ते ती गेल्यावर राखायला निघाले होते.

"ठरलं का?" जेवताना नवऱ्यानं विचारलं.

"शेत मुळात वडिलांचं, त्यांच्यामागे आईच्या नावावर आलेलं. मी आले की नाही आले, त्यावर ते ठरत नाही. त्यातला माझा अर्धा माझा."

"शाबास. अन् घर?"

"घरात माझं काही नाही."

"कायद्यानं हाये."

"कायद्यानं आहे म्हणूनच तर देता येईल ना कोणाला तरी."

त्याला कळलं नाही. मी भाकरी वाढली.

सकाळी सहाची एसटी पकडली. यवतमाळला बदलली, साडेदहाला राळेगाव. कार्यालयाच्या आवारात पत्र्याच्या शेडमध्ये दस्तलेखकाचं टेबल होतं, कॉम्प्युटर, प्रिंटर, अंगठ्याच्या शाईचा डबा. दादा दोन साक्षीदार घेऊन आधीच आलेला. इस्त्रीचा शर्ट. मला बघून त्याचा चेहरा सैल झाला.

"मले वाटलं येत नाही तू."

दस्तलेखकानं कागद पुढे सरकवला. "सगळं तयार हाये, बाई. फक्त फोटो अन् सही."

"यातलं शेत काढा," मी म्हणाले.

त्यानं दादाकडे पाहिलं. दादानं माझ्याकडे.

"काय म्हनून राह्यली तू?"

"शेतात माझं नाव लागलेलं आहे, ते राहू दे. वाहा तूच. माझ्या हिश्श्याचं बटईनं, अर्ध्या पिकाच्या वाट्यानं कर, दुसऱ्या कोणाशी करतोस तसंच."

"अन् घर?" दस्तलेखकानं विचारलं. त्याला पुन्हा टाइप करायचं होतं, त्यामुळे तो दोघांवरही वैतागलेला होता.

"घरातला माझा अर्धा वहिनींच्या नावानं करायचा आहे."

"भावजयीच्या? सख्खा भाऊ समोर उभा असताना? मग ते हक्कसोड नाही होत. बक्षीसपत्र करा लागते. कागद वेगळा, स्टॅम्प वेगळा. अन् घेनारी हजर पाह्यजे."

"करा वेगळा."

एक साक्षीदार दुसऱ्याला म्हणाला, "चाल, चहा घेऊ." दोघंही गेले.

"तिच्या नावानं कायले?" दादा म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. "आईचं मी केलं. चार वर्सं. तू व्हतीस का?"

"नव्हते. रात्री आईच्या अंगाखालचं कापड कोण बदलायचं?"

"ते तं घरचंच काम हाये!"

"म्हणूनच घर."

त्यानं हात जोडले, मला की देवाला कळलं नाही. "चारचौघांत म्हनलं व्हतं तू, काही नोको. काकू, मावशी, साऱ्याहिनं ऐकलं."

"खोटं म्हणाले होते."

"मंग माहेर तुटलं समज."

"समजते."

तो शेडबाहेर गेला आणि रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापाशी माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. दस्तलेखकानं खुर्ची मागे ढकलली. "लवकर सांगा, बाई. दोनले साहेब उठते. घेनारी येते का नाही?"

मी वहिनींना फोन लावला आणि आधार कार्ड घेऊन निघायला सांगितलं. का, ते दोन वाक्यांत सांगितलं. 

"मले नोको, ताई. घरात भांडन लावता काय? यायले काय सांगू मी?"

"ते इथंच आहेत. त्यांना माहीत आहे."

"रागावले?"

"हो."

मग म्हणाल्या, "भाजी टाकली हाये न चुलीवर."

"उतरवा," मी म्हणाले, "आणि साडेअकराची जीप धरा. मी बसते इथे."

मग मी कडुनिंबाखालच्या बाकावर जाऊन बसले आणि पिशवीतून चष्मा काढून, दस्तलेखकानं नव्यानं काढून दिलेला बक्षीसपत्राचा कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.